सखल जागेचा इतिहास

मुंबईच्या पुराविषयी बोलताना आपले विद्वान पावसाचे आकडे सांगतात, भरतीच्या वेळा सांगतात; जमिनीचा इतिहास सांगत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे मेली. पण पाणी जिथे तुंबले ती जागा मुळात कोणाची होती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ती पाण्याचीच होती. मिठी नदी विहार-पवईच्या तलावांपासून सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाशी तिवरांची राने आणि दलदल होती. पावसाचे पाणी भरतीला भिडले की ही दलदल ते पोटात घेई आणि ओहोटीला हळूहळू सोडी. आज जिला 'हरित पायाभूत सुविधा' असे भारदस्त नाव आहे, ती या शहराला फुकट मिळालेली होती. शहराने ती बुजविली. १९७७ नंतर वांद्रे-कुर्ला संकुल त्या दलदलीवर उभे राहिले. विमानतळासाठी नदी वळविली गेली. जुन्या गटारांची ताकद मात्र ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतकीच होती.

उरलेल्या दलदलीत कोणाला जागा मिळाली? कातडी कमावणाऱ्यांना शहराच्या वेशीबाहेर, धारावीत. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. त्याच साली देवनारच्या खाजणात मुंबईचा कचरा पडू लागला आणि पुढे त्या कचऱ्याभोवती आमच्या वस्त्या वाढल्या. १९७२ च्या दुष्काळात पाण्यावाचून गाव सोडलेली माणसे मुंबईत येऊन नाल्याच्या काठाला राहिली. गावात आमचा पाणवठा ओढ्याच्या खालच्या अंगाला असे. पिण्याचे पाणी शेवटी आणि पुराचे पाणी आधी, हा गावगाड्याचा नियम शहरानेही पाळला.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला आळा घातला, २०१८ मध्ये तो अधिक पक्का केला. त्याचे मी स्वागत करतो. तिवरे परत यावीत, तळी मोकळी व्हावीत, माती उघडी राहावी. पण पुरानंतर मिठी रुंद करताना काठच्या झोपड्या उठल्या आणि संकुल जागेवर राहिले, हेही इतिहासात नोंदले पाहिजे. हाताने मैला काढण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरून मरणारी माणसे बहुतांशी आमचीच आहेत.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ज्यांनी दलदल भरून पैसा केला, त्यांनी हिरवळीचा खर्च सोसावा. काठावरून उठणाऱ्यांना त्याच भागात उंचावर पक्के घर मिळावे आणि तिवरे राखण्याचे काम कायम पगारावर त्यांनाच मिळावे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक हरित योजनेचा नकाशा मागून घ्यावा आणि त्यावर प्रथम आपली वस्ती शोधावी.