जादुई डोळा ते सिग्नलच्या दांड्या

मोबाइलच्या पडद्यावर कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्या दिसतात. त्यांचा पूर्वज म्हणजे १९३५ साली अमेरिकेत रेडिओत आलेला हिरवा 'जादुई डोळा'. लहर जोरदार असली की त्यातली सावली आक्रसे. दांड्यांना मात्र सर्वमान्य माप नाही. आयफोन अनेकदा दोन दांड्या जास्त दाखवतो, हे जुलै २०१० मध्ये अ‍ॅपलनेच मान्य केले.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे रेशनसाठी बोटाचा ठसा नेटवर्कवरून पडताळला जाऊ लागला. दांड्या फक्त जवळच्या टॉवरपर्यंतची लहर दाखवतात. टॉवरपुढची वाट तुटली, तर दांड्या पूर्ण असूनही ठसा पोचत नाही आणि धान्य अडते. हा फरक आपण वर्गात जरूर समजावून सांगू या.