'दोस्ताना' (२००८) : हशा, साचा आणि कायदा

समलिंगी संबंधांच्या अलीकडील इतिहासात नोव्हेंबर २००८ या महिन्याची नोंद तीन ठिकाणी घ्यावी लागते. ४ तारखेला अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी, विवाह केवळ एक पुरुष व एक स्त्री यांच्यातच होईल, अशी दुरुस्ती आपल्या राज्यघटनेत संमत केली. त्याच महिन्यात, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ला आव्हान देणाऱ्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेवरील सुनावणी दिल्ली उच्च न्यायालयात संपली. आणि १४ तारखेला धर्मा प्रॉडक्शन्सचा, तरुण मनसुखानी दिग्दर्शित 'दोस्ताना' हा चित्रपट प्रदर्शित झाला. पहिल्या दोन घटनांच्या पंक्तीला एक करमणूकप्रधान प्रेमपट बसविणे काहींना विचित्र वाटेल. परंतु हा चित्रपट जिथे निराशा करतो, तिथेच तो इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो.

कथानक सर्वपरिचित आहे. मायामीत नेहाच्या मावशीच्या घरात मुलग्यांना भाड्याने जागा मिळत नाही, म्हणून समीर आणि कुणाल हे दोघे आपण समलिंगी जोडपे असल्याची बतावणी करतात, आणि मग दोघेही नेहाच्या प्रेमात पडतात. वेषांतर व गैरसमज यांवरील विनोद आपल्या रंगभूमीला नवा नाही. येथे अडचण वेगळी आहे. हे दोघे 'तसे' नाहीत, याची हमी प्रेक्षकाला आरंभापासून दिलेली असते. त्या हमीच्या सावलीत बसूनच तो हसतो. खरोखर समलिंगी असलेली ठळक व्यक्तिरेखा म्हणजे बोमन इराणी यांनी रंगविलेला मासिकाचा संपादक 'एम'. त्याच्या वाट्याला मात्र लाडिक हातवारे, भडकपणा आणि पुरुष दिसताच लाळघोटेपणा एवढेच येते. सोंग घेणाऱ्यांना व्हेनिसमधील काल्पनिक का होईना, पण प्रेमकहाणी मिळते. ज्याचे सोंग नाही, त्याला तीही नाही.

निवास-परवान्यासाठीही हे खोटे नाते पुढे केले जाते. वास्तविक १९९६ च्या संघीय कायद्यामुळे २०१३ पर्यंत अमेरिकेची स्थलांतर यंत्रणा समलिंगी जोडीदाराचे नाते मान्यच करीत नव्हती. फ्लोरिडाने तर चित्रपटापूर्वी दहाच दिवस आपले दार लावून घेतले होते. म्हणजे पडद्यावरील मायामी हे अमेरिकेतील नगर नव्हेच. 'हे सारे परदेशात चालते' या आपल्याकडील समजुतीने वसविलेले ते गाव आहे. याच निर्मितीसंस्थेच्या 'कल हो ना हो' (२००३) मधील कांताबेनचा गैरसमजही न्यूयॉर्कमध्येच घडतो, हे येथे आठवावे.

एक प्रसंग मात्र या साच्यातून निसटतो. किरण खेर यांनी साकारलेली समीरची आई प्रथम आकांत करते. पुढे नेहाच्या समजावण्याने तिचे मन वळते. कुणालला सून म्हणावे की जावई, हे तिला उमगत नाही, तरीही ती त्याच्या हाती कंगन ठेवते. प्रसंग हशासाठीच रचलेला आहे, हे खरे. परंतु तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) मधील मित्राच्या वाट्याला असे घर आले नव्हते. १९९८ मध्ये 'फायर'च्या प्रदर्शनावेळी मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले होते. दहा वर्षांनी त्याच शहरातील कुटुंबे सहपरिवार बसून एका आईला मुलाचा पुरुष जोडीदार स्वीकारताना पाहत होती. ते नाते खोटे असल्याची खात्री होती म्हणूनच हे शक्य झाले, असे मला वाटते. ही किंमत अल्प नव्हे. ती कोणी मोजली, हे वर्गातील एखाद्या अबोल विद्यार्थ्याला विचारावे लागेल, आणि आपण ते सहसा विचारीत नाही.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरते हे कलम पुन्हा निष्प्रभ केले. चित्रपटाच्या अखेरीस नेहा त्या दोघांना विचारते की, सोंगाच्या काळात परस्परांविषयी कधी काही वाटले का? क्षमायाचनेच्या वेळी घ्यावे लागलेले चुंबन दोघांनाही आठवते. ते अवघडतात, आणि उत्तर न देताच निघून जातात.