स्वित्झर्लंडची तटस्थता : घरची आणि दारची

स्वित्झर्लंडच्या तटस्थतेला युरोपातील बड्या सत्तांनी १८१५ मध्ये मान्यता दिली. जर्मन, फ्रेंच व इटालियन भाषकांचा हा देश शेजाऱ्यांच्या युद्धांत दुभंगला नाही, याचे श्रेय स्विस नागरिक तटस्थतेलाच देतात. तिच्या काळजीपोटी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्वही त्यांनी १९८६ च्या सार्वमतात नाकारले. ते स्वीकारले २००२ मध्ये.

बाहेरच्यांचे मत संमिश्र आहे. मध्यस्थ म्हणून या देशाला मान आहे. इराणमधील अमेरिकेच्या हितसंबंधांची जबाबदारी १९८० मध्ये त्याच्यावरच सोपविण्यात आली. मात्र दुसऱ्या महायुद्धात हजारो निर्वासितांना सीमेवरून परतवल्याचा ठपका खुद्द स्विस सरकारने नेमलेल्या बर्जिए आयोगाने ठेवला.

युक्रेन युद्धात ही कसोटी पुन्हा लागली. २०२२ मध्ये युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारताच रशियाने स्वित्झर्लंडला तटस्थ मानणे सोडले. दुसरीकडे, युद्धरत देशांना शस्त्रपुरवठ्यात समान वागणूक देण्याच्या नियमावर बोट ठेवून स्विस बनावटीचा दारूगोळा युक्रेनला देण्यास जर्मनीला परवानगी नाकारली गेली, तेव्हा पाश्चात्त्य मित्रही नाराज झाले. तटस्थता स्वतःहून जाहीर करता येते. ती मानायची की नाही, हे मात्र इतर ठरवतात.