नोट पारखणाऱ्या यंत्राची बोली

कांहीं महिन्यांपूर्वी प्रवासांत एका विश्रांतिस्थळीं मीं बिस्किटांच्या व्हेंडिंग यंत्रांत वीस रुपयांची नोट सरकविली. यंत्रानें ती मुकाट्यानें गिळली आणि समोरच्या कांचेवर आंकडा उमटला दहा. रक्कम क्षुल्लक खरी. पण ज्याचें आयुष्य मुलांना बेरीज शिकविण्यांत गेलें, त्याला ही वजाबाकी सहन होईना. माझा एक जुना विद्यार्थी असलीं यंत्रें दुरुस्त करतो. त्याला हकीकत सांगितली, तेव्हां तो म्हणाला, "सर, यंत्रानें नोट बरोबरच ओळखली असेल. चूक झाली ती सांगतांना." ओळखणें निराळें आणि सांगणें निराळें, हा भेद माझ्या ध्यानींमनीं नव्हता. त्याच्या या वाक्यानेंच मला या यंत्रांच्या इतिहासाकडे वळविलें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींत हेरॉन नांवाचा यंत्रज्ञ होऊन गेला. देवालयांत पवित्र जल देणारें एक पात्र त्यानें वर्णिलें आहे. फटींतून पांच द्राख्मांचें नाणें टाकलें कीं तें तरफेच्या टोकावरील थाळीवर पडे. त्या भारानें झडप उघडे आणि पाणी वाहूं लागे. थाळी कलून नाणें घसरलें कीं झडप पुन्हां मिटे. येथें पैसा ओळखणें, तो मिळाल्याचें कळविणें आणि माल देणें हीं तिन्ही कामें एकट्या नाण्याचें वजन करी. मध्यें निरोप्या असा कोणी नव्हताच. तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडाहि तेथें चालला असता, हा भाग वेगळा!

पुढें इ. स. १८८३ च्या सुमारास लंडनमध्यें पर्सिव्हल एव्हरिट यानें पोस्टकार्डें विकणारें यंत्र काढलें, आणि १८८८ मध्यें न्यूयॉर्कच्या उंचावरील रेल्वेच्या फलाटांवर थॉमस ॲडम्सच्या कंपनीचीं च्युइंगमचीं यंत्रें उभीं राहिलीं. आपल्याकडील फलाटांवरचे, पुठ्ठ्याचें तिकीट देणारे वजनाचे काटे पुष्कळांना आठवत असतील. या सर्वांत नाण्याचा भार आणि त्याचा आकार हाच कारभारी होता.

नोट आली आणि हा कारभार मोडला. कागदाच्या भारानें तरफ काय हलणार? तेव्हां नोट वाचावी लागते. व्हॅलिडेटर नांवाचा भाग ती आंत ओढतो, तिच्यावर दृश्य आणि अवरक्त प्रकाश टाकतो, आणि मनांत सांठविलेल्या नमुन्याशीं ताडून पाहतो. अमेरिकन नोटेच्या काळ्या शाईंत चुंबकीय गुण असल्यामुळें तेथें त्याचीहि परीक्षा होते. नमुना बदलला कीं यंत्राला नव्यानें धडा द्यावा लागतो. आपली शंभराची नोट पूर्वी १५७ मिलिमीटर लांब व ७३ रुंद होती. २०१८ मध्यें नवी आली ती १४२ लांब व ६६ रुंद. जुन्या धड्यावर विसंबलेल्या यंत्राला ती परकीच वाटणार.

पण वाचून झालें, तरी माल देणारा भाग दुसरा आहे. त्याला निरोप गेला पाहिजे. सर्वांत साधी रीत विजेच्या ठोक्यांची. कारागीर त्यांना पल्स म्हणतात. दहा रुपयांस एक ठोका ठरला, तर विसाला दोन आणि पांचशेंना पन्नास. मोजणारा भाग नुसता मोजतो. एखादा ठोका सुटला तर सुटल्याचें त्याला कळत नाहीं. एका ठोक्याची किंमत किती आणि तो किती क्षण टिकावा, हें दोन्ही बाजूंस सारखेंच ठरवून द्यावें लागतें. व्हॅलिडेटरवर त्यासाठीं डिप स्विच नांवाचे इवलाले खटके असतात. मार्स इलेक्ट्रॉनिक्सच्या कांहीं व्हॅलिडेटरांना तर छापील कुपनावरचे चौकोन भरून तें कुपनच नोटेसारखें खाऊं घालीत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारख्याला ही युक्ति फारच आवडली! दुसऱ्या एका रीतींत प्रत्येक किंमतीच्या नोटेला स्वतंत्र तार असते. पण नोटा वाढल्या कीं तारा वाढतात.

अमेरिकेंतील व्हेंडिंग व्यवसायाच्या 'नामा' या संघटनेनें १९९३ मध्यें एमडीबी ही पद्धति प्रमाण मानली. तींत ठोके नाहींत, संभाषण आहे. मुख्य नियंत्रक आरंभींच व्हॅलिडेटरला विचारून घेतो, तुझ्याजवळ कोणकोणत्या नोटा आणि त्यांची किंमत काय? मग पुनःपुन्हां विचारीत राहतो, कांहीं आलें काय? नोट आल्यावर ती मधल्या जागीं थांबवून ठेवतां येते. नियंत्रक म्हणेल तर पेटींत, नाहीं तर गिऱ्हाइकाच्या हातांत परत. प्रत्येक निरोपाबरोबर पडताळ्याचा आंकडाहि जातो. हेरॉनच्या नाण्यानें जें एका धक्क्यांत केलें, त्यासाठीं कागदाच्या पैशाला एवढा पत्रव्यवहार करावा लागतो.

माझ्या नोटेचें काय झालें असावें, तें विद्यार्थ्यानें आपल्या कारखान्यांत करून दाखविलें. व्हॅलिडेटर दहा रुपयांस एक ठोका देत होता, आणि मोजणाऱ्या भागाला एक ठोका म्हणजे पांच रुपये असें सांगून ठेविलें होतें. विसाची नोट घातली, समोर दहा! त्यानें चिमट्याच्या टोंकानें एक खटका सरकविला, तीच नोट पुन्हां घातली, आणि वीस उमटले. त्या विश्रांतिस्थळींच्या यंत्राचा खटका अजून कोणी सरकविला कीं नाहीं, हें पाहण्यास मी पुन्हां तिकडे गेलेलों नाहीं.