दोन भोयांची डोली

आगगाडी म्हटली की आपल्याला इंजिन आठवते, शिट्टी आठवते, धूर आठवतो. रूळ सहसा कुणाला आठवत नाहीत. आजची गोष्ट त्या रुळांपासून सुरू होते. तेही स्वस्तात टाकलेल्या, हलक्या रुळांपासून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात ठिकठिकाणी खाणी, मळे आणि जंगले यांच्यासाठी छोट्या मालवाहू रेल्वे निघाल्या. पैसा थोडा, मुलूख डोंगराळ. म्हणून रूळ बारीक, पूल नाजूक आणि वळणे कोयत्यासारखी. माल मात्र जड. जास्त वाघिणी ओढायच्या तर इंजिन मोठे हवे. ते मोठे केले की एकेका आसावरचा भार वाढतो आणि रूळ वाकतात. भार वाटून देण्यासाठी चाके वाढवली, तर लांबलचक ताठ सांगाडा वळणावर वळत नाही. कारागिरांपुढचा पेच हा असा होता.

उपाय एकच, इंजिनाला सांधे द्यायचे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट फेअर्लीने 1864 मध्ये दोन फिरत्या गाड्यांवर बसवलेल्या इंजिनाचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अनातोल मालेने 1884 मध्ये दुसरी तऱ्हा काढली. तिच्यात मागची चाके सांगाड्याला पक्की आणि पुढची वळणाबरोबर फिरणारी होती. पण बॉयलर चाकांच्या वरच बसायचा. त्यामुळे त्याच्या जाडीला आणि खालच्या भट्टीच्या खोलीला मर्यादा पडायची.

ही अडचण हर्बर्ट विल्यम गॅरॅट याने सोडवली. 1864 मध्ये लंडनला जन्मलेला हा इंजिनिअर दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या रेल्वेंशी काम करून आलेला. गरीब मुलखातले रूळ त्याने जवळून पाहिले होते. 1907 च्या सुमारास त्याने जे सुचवले, ते आपल्याला डोलीच्या उदाहरणाने लवकर समजेल. डोली वाहणारे दोन भोई असतात, एक पुढे, एक मागे. डोली मधे लोंबकळते. घाटाच्या वळणावर पुढचा भोई आधी वळतो, मागचा नंतर. डोलीला काही त्रास नाही. गॅरॅटने तेच केले. पुढे चाकांचा एक संच आणि त्यावर पाण्याची टाकी, मागे दुसरा संच आणि त्यावर कोळसा. मधे बॉयलर, दोन्ही टोकांना खुंट्यांवर टेकलेला. खाली चाके नसल्याने बॉयलर हवा तेवढा जाड आणि भट्टी हवी तेवढी खोल करता आली.

मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्याने 1909 मध्ये अशी पहिली दोन इंजिने बांधली. ती गेली टास्मानियाला, नॉर्थ ईस्ट डंडास ट्रामवेवर. ही चांदी-शिशाच्या खनिजाची रेल्वे. रुळांमधले अंतर अवघे 2 फूट, चढ 25 फुटांना 1 फूट, काही वळणांची त्रिज्या 99 फूट. इंजिनाचे सुमारे 33 टन वजन चार आसांवर वाटले गेले. म्हणजे एका आसावर आठ टनांच्या आसपास.

दोष होतेच. कोळसा-पाणी संपत आले की चाकांवरचे वजन घटायचे आणि पकड सुटायची. आणखी एक दोष मला अधिक बोचतो. या पहिल्या इंजिनांत मागचे सिलिंडर नेमके ड्रायव्हरच्या पायाखाली आले. समोर भट्टी, खाली वाफ. रुळाची काळजी घेतली गेली. तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाची नाही. पुढच्या इंजिनांत सिलिंडर बाहेरच्या टोकांना गेले, तेव्हा त्याची सुटका झाली.

गॅरॅट 1913 मध्ये वारला. त्याच्या पद्धतीची दीड हजारांहून अधिक इंजिने पुढे बनली, ती पाहायला तो राहिला नाही. आफ्रिकेत ती सर्वांत जास्त चालली. आपल्या नागपूरपर्यंत येणाऱ्या बंगाल नागपूर रेल्वेनेही 1925 मध्ये दोन आणि 1929 मध्ये सोळा घेतली. तिथे रूळ रुंद होते आणि इंजिन सुमारे 230 टनांचे, पण भार वाटण्याचे तत्त्व तेच. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

डंडासची रेल्वे 1932 मध्ये बंद झाली. रेल्वे खाणीसाठी आली आणि खाणीबरोबर गेली. तिच्या मार्गाच्या एका भागावरून आज लोक माँटेझुमा धबधबा पाहायला पायी जातात. पहिले इंजिन 1947 मध्ये इंग्लंडला परतले आणि 2006 मध्ये वेल्समधल्या वेल्श हायलंड रेल्वेवर पुन्हा वाफेवर धावले. या वेळी मागे खनिज नव्हते, सहलीची माणसे होती.

एरवी आपण ओझे वाढले की वाटेलाच दोष देतो. वाट कच्ची आहे, पूल अशक्त आहे, माणसे कमजोर आहेत, असे म्हणतो. गॅरॅटने वाटेला नावे ठेवली नाहीत. तिला किती पेलेल ते पाहिले आणि ओझे तसे वाटले. मात्र त्या वाटणीत पायाखालच्या वाफेने भाजणारा ड्रायव्हर सुरुवातीला सुटून गेला होता, एवढे आपण लक्षात ठेवू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)