गुडघ्यातील चंद्रकोर : एक शब्द व एक शस्त्रक्रिया

वर्धा जिल्ह्यातील पुलगावलगतच्या नाचणगावासारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात निंदणापासून चुलीपर्यंतची कितीतरी कामे उकिडवे बसून होतात. तेथे ‘गुडघ्यातील गादी फाटली’ असे निदान झाले, की प्रश्न वेदनेपुरता राहत नाही. तो रोजमजुरीचा होतो. फाटलेला भाग काढून टाकावा की शिवावा, या विवादाचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

‘मेनिस्कस’ हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ चंद्रकोर. ‘अर्धचंद्राकृती कूर्चा’ ही मराठी संज्ञाही आकारच सांगते. ‘गादी’ हा बोलीतील शब्द मात्र कार्य सांगतो. शल्यशास्त्राचा प्रवासही आकाराकडून कार्याकडे झाला.

१८८३ मध्ये एडिंबरो येथे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराची सरकलेली कूर्चा टाके घालून जागी बसविली व १८८५ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु हा मार्ग रूढ झाला नाही. १८९७ मध्ये ब्लंड-सटन यांनी या कूर्चेला पायातील एका स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरविले. जे निरुपयोगी, ते काढून टाकण्यात हानी कसली? पुढील कित्येक दशके हीच धारणा प्रबळ राहिली.

१९३६ मध्ये डॉन किंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की रक्तपुरवठा असलेल्या कडेपर्यंत पोचलेली चीर भरून येते. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी कूर्चा काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरणचित्रांत सांध्यातील अंतर घटल्याचे व हाडाचा गोलावा चपटा झाल्याचे नोंदविले. भार वाटून घेणारी गादी गेली, की भार हाडांवर पडतो, हे त्यातून सूचित झाले.

दुर्बिणीने गुडघ्याच्या आत पाहण्याचा प्रयत्न टोकियोत ताकागी यांनी १९१८ मध्ये केला होता. तेथेच वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून कूर्चेचा केवळ फाटका भाग काढला आणि १९६९ मध्ये इकेउची यांनी ती दुर्बिणीतून शिवली. योगायोगाने त्याच वर्षी सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले.

१९८२ मध्ये आर्नॉक्झी व वॉरेन यांनी रक्तवाहिन्या कूर्चेच्या केवळ बाह्य भागातच असल्याचे दाखविले. म्हणून प्रत्येक चीर शिवण्याजोगी नसते. शिवलेल्या गुडघ्याला काही आठवडे जपावे लागते व खोल बसणे त्याहूनही दीर्घकाळ वर्ज्य असते. काढण्याची शस्त्रक्रिया मजुराला लवकर कामावर धाडते, पण पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढविते. कूर्चेचे कार्य शास्त्राला उमगले. ती जपण्यासाठी लागणारी सवड मात्र ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर अवलंबून राहिली आहे.