लाकडी शिपाई, दगडी दात

दिवाळीचा आकाशकंदील उतरवतो न उतरवतो, तोच इथल्या दुकानांत लाल कोट, उंच टोपी अन् भलामोठा जबडा असलेले लाकडी शिपाई ओळीने उभे राहतात. हेच ते नटक्रॅकर. आपला अडकित्ता सुपारी कातरतो, हा गडी अक्रोड फोडतो! पाठीमागचा दांडा वर उचलला की तोंड उघडतं. अक्रोड आत ठेवून दांडा खाली दाबायचा, की काम फत्ते.

यांचं माहेर जर्मनीत, चेक सीमेलगतच्या एर्झगेबिर्गे डोंगरात. 'एर्झ' म्हणजे खनिज. चांदी आणि कथिलाच्या खाणींवर जगणारा हा मुलूख. खाणी आटत गेल्या, तशी माणसं लाकूडकामाकडे वळली. ज्या ओढ्यांवर खनिज कुटायची यंत्रं चालत, त्याच पाण्यावर लाकडाचे कातयंत्र फिरू लागले. झायफेन गावात विल्हेल्म फ्युख्टनर यांनी १८७०च्या सुमारास आज ओळखीचा असलेला नटक्रॅकर मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. अख्खं कुटुंब राबायचं, लहान मुलंसुद्धा. त्या सुबक खेळण्यांमागे अशी गरिबी होती.

आता प्रश्न असा, की शिपाई, पोलीस आणि राजेच का? कारण एरवी ज्यांच्यापुढे मान खाली घालायची, त्यांनाच गरिबाघरी अक्रोड फोडायला लावायचं! हसत हसत काढलेला हा चिमटाच म्हणायचा.

ई. टी. ए. हॉफमनची नटक्रॅकरची गोष्ट १८१६ची. त्यावर आधारलेला चायकोव्हस्कीचा बॅले १८९२ साली रंगमंचावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे बाहुले भेट म्हणून घरी नेले. खऱ्या शिपायांनी आणलेले लाकडी शिपाई! सॅन फ्रान्सिस्कोत १९४४ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली बॅले गाजला, तसं अमेरिकेत यांचं वेड वाढलं. मग स्टाइनबाखसारख्या जर्मन कारखान्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन, अब्राहम लिंकन यांनाही जबडे बसवले. वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थ गावी तर १९९५पासून नटक्रॅकरचं म्युझियमच आहे.

जमवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पाहावी. आजचे बरेचसे नटक्रॅकर नुसते शोभेचे असतात. अक्रोड घातला तर बिचाऱ्याचाच जबडा निखळायचा! जुने कामाचे असत. दातांवरचा रंग झिजलेला दिसला, तर तो दोष समजू नका. कुणाच्या तरी घरी त्याने खरंच अक्रोड फोडले, त्याची ती खूण आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिलेत ना? तिथेही नक्षीइतकीच गंमत, ते कुणाच्या तरी पानाच्या तबकात होते याची. नवा रंग देऊन ती खूण पुसू नका, मंडळी. वस्तूचं मोल तिच्या वर्दीत नसतं, तिने केलेल्या चाकरीत असतं.